पावसाच्या उतारावर

माझं माहेर मुळशी धरणाच्या काठावर, ताम्हिणीच्या जरा अलीकडे. शाळा पौडला झाली, सासर मिळालं पुण्यात, कोथरूडला. म्हणजे जन्मभर मी एकाच रस्त्याने पूर्वेकडे सरकत आले आणि दर मुक्कामाला माझा पाऊस कमी होत गेला. अरबी समुद्रावरून येणारं बाष्पाचं वारं सह्याद्रीला धडकून वर चढतं, थंड होतं आणि घाटमाथ्यावरच बहुतेक ओझं टाकून देतं. पुढे उरेल तेवढं पुण्याचं. पुण्यात वर्षाकाठी साधारण सातशे-साडेसातशे मिलिमीटर पडतो. २५ जुलै २०२४ च्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांत एकट्या ताम्हिणीत ५५६ मिलिमीटर पडला.

शाळेत भूगोलाच्या वहीत बारा महिन्यांच्या पावसाचे स्तंभ काढायला लावत. हिवाळ्याचे नि उन्हाळ्याचे स्तंभ जेमतेम रेघेएवढे, जूनपासून एकदम चढण, जुलै सगळ्यांत उंच, ऑक्टोबरात उतार. मला ते काढताना नवल वाटत नसे, कारण आमचं घर त्याच मापाने चालायचं. मे महिन्यात राब भाजून झालेले असत. मग घर शाकारायचं, पडवीत छतापर्यंत सरपण रचायचं, मीठ-मिरची-कडधान्याची आगोट भरून ठेवायची. ७ जूनच्या सुमाराला मृग लागला की धूळवाफेत भात पेरायचं. तरण्या आणि म्हाताऱ्या पावसात, म्हणजे पुनर्वसू आणि पुष्यात, आवण उपटून लावणी. पाठीवर इरलं, पोटऱ्यांपर्यंत चिखल. कपडे चुलीवरच्या दोरीला टांगलेले असत आणि शाळेत आम्हा घाटाकडच्या मुलींच्या अंगाला जुलैभर धुराचा वास यायचा. पौडच्या मुली त्यावरून ओळखायच्या, कोण किती वरून आलंय ते.

ऑक्टोबरात मात्र हाच पाऊस नकोसा व्हायचा. आंबेमोहर पिकून वाकलेला असायचा. हस्ताची एक जोरदार सर आली की कापून पसरलेलं भात भिजायचं, कधी लोंबीतच मोड यायचे. वर्षाच्या बेरजेत त्या सरीचं मोल काहीच नसे. आमच्या कणगीत मात्र ती कळायची.

आणि एप्रिल-मे? एवढा पाऊस झेललेल्या आमच्या विहिरीचा तळ दिसायचा. काळा कातळ पाणी फारसं मुरू देत नाही आणि उभ्या उतारावरून ते थांबतही नाही. आई हंडा घेऊन ओढ्यात खणलेल्या डुऱ्यावर जायची, वाटीवाटीने भरायची. समोर धरणाचं पाणी चमकत असायचं. हे धरण होऊ नये म्हणून १९२१ साली इथल्या मावळ्यांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला होता. धरण झालंच. त्याचं पाणी डोंगर उतरून कोकणात भिऱ्याला वीज करतं आणि कुंडलिकेतून पुन्हा अरबी समुद्राला मिळतं. जिथून ढग आले तिथेच पाणी परत. घाटमाथ्यावर पाऊस मुक्कामाला नसतोच, हे मला तेव्हापासून ठाऊक आहे.

लग्नानंतरच्या पहिल्या जुलैत सासूबाई खिडकी लावता लावता म्हणाल्या, "केवढा कोसळतोय गं!" मी मुकाट्याने हसले. पुढे माहेराहून आबा राहायला आले तेव्हा त्यांना मात्र राहवलं नाही. "हा होय तुमचा पाऊस? आमच्याकडं एवढ्यात कुणी इरलंसुद्धा काढत नाही."

शिवाजीनगरच्या वेधशाळेला जुनी माणसं अजून सिमला ऑफिस म्हणतात. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून इथे आलं. रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजायचा, वर्षानुवर्षांच्या अशा नोंदींतून सरासरी काढायची, हे चिकाटीचं काम आहे आणि मला त्याचा आदर वाटतो. आकडा खोटा नसतो. पण पर्जन्यमापक जिथे ठेवलाय तिथलंच तो बोलतो. 'मुळशीचा पाऊस' असं एका आकड्यात सांगता येत नाही, कारण घाटमाथ्यावरची ताम्हिणी आणि पुण्याकडचं पिरंगुट एकाच तालुक्यात आहेत.

तसंच पुण्याचंही. माझ्या नळाला येणारं पाणी कोथरूडच्या सातशे मिलिमीटरचं नाही. टेमघर धरण मुळशी तालुक्यातच आहे, आणि वरसगावच्या जलाशयात लवासाच्या डोंगरांवरचं पाणी उतरतं. ते खडकवासल्याला येतं आणि तिथून आमच्या टाकीत. त्यामुळे पुण्यात सरासरीइतका पाऊस झाला अशी बातमी आली की इमारतीतले लोक निर्धास्त होतात. मी आधी टेमघर किती भरलं ते वाचते. या शहराला त्याची स्वतःची सरासरी कधीच पुरलेली नाही. ते वरच्या गावांच्या पावसावर जगतं, आणि त्यांतल्या काही गावांत मे महिन्यात बायका अजून डुऱ्यावर रांग लावतात. पावसाच्या तक्त्यात हा हिशेब कुठल्याच रकान्यात येत नाही. तो पाणीपट्टी भरणाऱ्यांनी तरी मांडायला हवा.