जेलिको भित्रा नव्हता

बरीच वर्षं मी बीटीच्या बाजूचा होतो. पहिल्या महायुद्धातल्या जटलंडच्या सागरी लढाईबद्दल वाचू लागलं की हे होतंच. एकीकडे आघाडीच्या ब्रिटिश ताफ्याचा प्रमुख, तिरक्या टोपीचा, बेधडक डेव्हिड बीटी. दुसरीकडे ग्रँड फ्लीटचा, म्हणजे ब्रिटनच्या मुख्य आरमाराचा सेनापती ॲडमिरल जॉन जेलिको, बुटका, सावध, पानंच्या पानं लेखी हुकूम काढणारा. 31 मे 1916 च्या संध्याकाळी जर्मन टॉर्पेडो येताना दिसताच त्यानं आरमाराचं तोंड फिरवलं आणि शत्रू निसटला. त्या लढाईत ब्रिटिशांची 14 जहाजं बुडाली, जर्मनांची 11. जेलिको भित्रा, असं ठरवून मी मोकळा झालो होतो.

मत फिरलं ते त्याच्याच एका पत्रानं. ऑक्टोबर 1914 मध्ये त्यानं ॲडमिरल्टीला, म्हणजे ब्रिटिश नौदल खात्याला, लेखी कळवलं होतं की, शत्रू पाठ फिरवून पळू लागला तर तो मला सुरुंगांवर आणि पाणबुड्यांवर ओढतोय असं धरून मी पाठलाग करणार नाही. लोक नावं ठेवतील, हेही जाणून आहे. ॲडमिरल्टीनं त्याला मान्यता दिली होती. ऐन वेळी घाबरगुंडी उडालेल्या माणसाची ही रीत नव्हे. शिवाय जर्मनीचं आरमार बुडालं असतं तरी तिचं लष्कर शाबूत राहणार होतं. ब्रिटनचं बुडालं असतं तर त्या बेटावर धान्य येणंच थांबलं असतं.

आणि मग लढाईच्या संध्याकाळची सव्वासहाची ती वेळ. जेलिकोच्या 24 युद्धनौका चार-चारच्या सहा रांगांत चाललेल्या, समोर धूर आणि धुकं. शत्रूचं मुख्य आरमार नेमकं कुठे, हे बीटी धड सांगत नाही. तोफा डागायच्या तर सहा रांगांची एक रांग करायला हवी. पण डावीकडे की उजवीकडे? जेलिकोच्या ध्वजनौकेचा, ‘आयर्न ड्यूक’चा कप्तान ड्रेयर सांगतो, जेलिको होकायंत्रापाशी आला, जेमतेम वीस सेकंद त्याकडे बघत राहिला आणि डावीकडचा हुकूम देऊन मोकळा झाला. त्या निर्णयामुळे जर्मन रांगेचं तोंड थेट ब्रिटिश तोफांच्या आडव्या भिंतीसमोर आलं. जर्मन सेनापती शेअरला त्या संध्याकाळी अख्खं आरमार पुन्हा पुन्हा उलट फिरवावं लागलं. (ब्रिटिश तोफगोळे चिलखतावर तिरके आदळले की नीट भेदत नसत. ते तपासा, असं 1910 मध्ये सांगणाराही हाच जेलिको. तो समुद्रावर गेला आणि प्रकरण बारगळलं.)

म्हणून त्याचं सगळंच मी मान्य करतो असं नाही. 1917 च्या एप्रिलमध्ये पाणबुड्या महिन्याला साडेआठ लाख टनांच्या घरात जहाजं बुडवत होत्या, तेव्हा तो फर्स्ट सी लॉर्ड, म्हणजे ब्रिटिश नौदलाचा प्रमुख होता, आणि यावर आपल्याकडे उपाय नाही असं अमेरिकन ॲडमिरल सिम्सला सांगत होता. व्यापारी जहाजं संरक्षणाखाली काफिल्यानं नेण्याचा उपाय समोर असताना तो कचरत राहिला. त्याच वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी त्याला पदावरून काढलं. काढण्याची पद्धत हलकी होती, पण निर्णय बरोबर होता.