दादाची पिकअप

परवा रविवारी दादाने पिकअप विकली. घेणारा माणूस डिचोलीहून आला, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, हौद्याचा पत्रा बोटाने ठोकून पाहिला, बॉनेट उघडून पुन्हा बंद केलं आणि पैसे मोजून दिले. सोळा वर्षांचा संसार पंधरा मिनिटांत आटोपला. दादा काही बोलला नाही. गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर तो आत गेला आणि एक जाडजूड वही आणून माझ्यासमोर ठेवली. म्हणाला, "घे बाबू. तू कारकून. हिशेबाची वही तुझ्याकडे बरी."

तीन रात्री मी ती वही वाचतो आहे. मी बी.ए. मराठी घेऊन केलं, कादंबऱ्या पुष्कळ वाचल्या. पण इतकी मन लावून एखादी वही वाचल्याचं मला आठवत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. गोव्यात 'पिकअप' म्हटलं की कुणाला समजावून सांगावं लागत नाही. चवथीला चित्रशाळेतून गणपती आणायचा तर पिकअप. जत्रेच्या उत्सवी नाटकाचे पडदे नि ट्रंका न्यायच्या तर पिकअप. मंडप, खुर्च्या, कॅटररची भांडी, घर बांधायला चिरे, गुरांसाठी गवत, शिगम्याच्या चित्ररथाचा सांगाडा... सगळं पिकअपच्या पाठीवर. आमच्या गावची पायी वारी पंढरपूरला निघते तेव्हा वारकऱ्यांच्या वळकट्या आणि तांदळाच्या गोणी घेऊन मागून हळूहळू जाते ती पिकअपच. म्हणजे आमच्याकडे देव, लग्न आणि नाटक या तिन्ही गोष्टी शेवटी पिकअपवाल्याच्या मोबाईलवर अवलंबून!

दादाने गाडी घेतली २००९ च्या दसऱ्याला. तो काळ खाणींचा. आमच्या तालुक्यात ज्याच्या हातात चार पैसे तो टिपर घेत होता. खनिजाच्या फेऱ्या मारायच्या, कर्ज दोन-तीन वर्षांत फेडायचं आणि दुसरा टिपर घ्यायचा, असा सरळ हिशेब होता. दादाला सगळ्यांनी तेच सांगितलं. पण तो म्हणाला, "खाण आज असा, फाल्यां ना. खावपाक मात लोकांक सदांच जाय." त्याने पिकअप घेतली आणि बेळगावहून भाजी आणायला लागला. आठवड्याला तीन फेऱ्या. साखळी, केरी, चोर्ला घाट, जांबोटी, बेळगाव. रात्री निघायचं, पहाटे बाजारात माल भरायचा आणि दुपारपर्यंत परत. गोव्याच्या जेवणातली किती भाजी त्या घाटातून येते, हे २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ती थांबली तेव्हा सगळ्यांना कळलं.

गाडी कुठल्या कंपनीची, ते सांगत नाही. का सांगत नाही, ते पुढे कळेलच.

किंमत साडेचार लाखांच्या घरात. एक लाख दादाचे, उरलेलं साडेतीन लाख कर्ज, पाच वर्षांची मुदत आणि महिना ७,९५० रुपये हप्ता. कर्ज देणाऱ्यांची अट एकच : जामीनदार सरकारी नोकर पाहिजे. सरकारी नोकर कोण? अस्मादिक! त्यावेळी मी लोअर डिव्हिजन क्लार्क. पगाराची स्लिप जोडली, 'हप्ता थकल्यास माझ्या पगारातून कापून घ्यावा' या मजकुराखाली सही ठोकली. दिवसाला शंभर कागदांवर सही-शिक्के बघणारा माणूस मी. ही सही करताना हात जरा थबकला, हे खरं. घरी बायकोला सांगितलं नाही. लग्नाला दोन वर्षं झाली होती. उगाच कशाला, म्हटलं.

पिकअपवाल्यांचं एक जग असतं. साखळीच्या नाक्यावर गाड्या रांगेत लावून ते भाड्याची वाट बघत बसतात आणि गप्पा मारतात फक्त गाड्यांच्या. कुणाचे पाटे मजबूत, कुणाची क्लच प्लेट लवकर जाते, कुणाची गाडी घाटात दुसऱ्या गिअरवर चढते. या गप्पांत मी दोन गोष्टी शिकलो. एक, ॲव्हरेज विचारलं की प्रत्येक मालक दोन किलोमीटर जास्तच सांगतो. दुसरी, गाडी विकायला काढेपर्यंत कुणीही आपल्या गाडीला वाईट म्हणत नाही. मुलीच्या बापासारखं आहे ते.

आणि वजनाचं तर विचारूच नका. माझा एक वर्गमित्र अमेरिकेत टेक्ससमध्ये आहे. त्याच्याकडे तिथली मोठी, फुल-साइझ म्हणतात ती पिकअप आहे. आमच्या दादाच्या गाडीसारख्या दीड गाड्या मावतील एवढी. त्या देशात या गाड्यांचं भारीच वेड. फोर्डने १९२५ मध्ये आपल्या मॉडेल-टीला मागे हौदा लावून पिकअप विकायला काढली, आणि त्याच कंपनीची एफ-सिरीज १९७७ पासून तिथे सर्वांत जास्त खपणारा ट्रक आहे. मित्र सांगतो, तिकडे या गाड्यांना अजून 'हाफ-टन', 'वन-टन' अशी जुनी नावं आहेत. पण हाफ-टन म्हणवणारी गाडी प्रत्यक्षात अर्ध्या टनाहून बरंच जास्त वजन नेऊ शकते. नाव लहान, ताकद मोठी. आणि इतकं असून तो स्वतः तिच्यातून काय नेतो? ऑफिसची बॅग!

आमच्याकडे उलट. कागदावर सव्वा टन आणि हौद्यात दोन टन. एक चिरा तीस-पस्तीस किलोचा. साठ चिरे भरले की झाले दोन टन. आणि साठाला कुणी थांबत नाही. मग पाट्यांत एक जादा पाटा घालून घ्यायचा, टायरात हवा जास्त मारायची आणि देवाचं नाव घ्यायचं. एवढं करून पाटा तुटला की म्हणायचं, "कंपनीन माल हलको घातला."

दादा त्यातल्या त्यात शहाणा. मासळीचं भाडं त्याने कधी घेतलं नाही. पैसे चांगले मिळतात, पण बर्फाचं खारं पाणी हौद्याच्या सांध्यांत मुरतं आणि चार पावसांत पत्रा खाऊन टाकतं. दर मे महिन्यात तो हौदा धुऊन, वाळवून, खालून काळा रंग मारून घ्यायचा. घराची कौलं परतावीत तसं. तो म्हणायचा, "गाडी आनी बैल, दोनूय खावपाक दिल्यार चलतात."

असं असूनही २०१३ च्या जूनमध्ये गाडी बसली.

चोर्ला घाट, पहिला पाऊस, धुकं. दादा एका बिऱ्हाडाचं सामान घेऊन बेळगावला निघाला होता. कपाटं, पलंग, गॅसच्या शेगडीपासून तुळशीच्या कुंडीपर्यंत. चढावर इंजिनाचा आवाज बदलला, ठक ठक ठक, आणि एका वळणावर ते जागच्या जागी पकडलं. बेअरिंगं गेली, क्रँक खराब झाला. ते कुटुंब ताडपत्रीखाली चार तास भिजत उभं होतं. गाडी दोरीने ओढून खाली आणली. इंजिन पूर्ण उघडून बांधावं लागलं. खर्च ६४,००० रुपये. दादाने पोफळीवरची सुपारी आगाऊ विकून तो उभा केला. गाडी अडीच महिने गॅरेजात. भाडं नाही, म्हणून हप्ता नाही. जून, जुलै, ऑगस्ट.

मी तेव्हा ऑफिसात आवक-जावकच्या टेबलावर होतो. चवथीच्या आठ दिवस आधी टपाल आलं. पाकिटं फोडता फोडता एक पत्र हातात आलं : आपल्या कार्यालयातील कर्मचारी श्री. अमुक अमुक हे जामीनदार असून तीन हप्ते थकले आहेत, तरी त्यांच्या पगारातून वसुली करण्यात यावी. अमुक अमुक म्हणजे मीच! नियमाप्रमाणे त्या पत्राला आवक क्रमांक देऊन, रजिस्टरात नोंद करून साहेबांकडे पाठवायचं होतं, आणि ते काम माझंच होतं. शेजारच्या टेबलावरचा सहकारी चहा पीत माझ्याकडे बघत होता, किंवा मला तसं वाटलं. मी ते पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं. दोन दिवस. बावीस वर्षांच्या नोकरीत मी टपाल दाबून ठेवलं ते तेवढं एकदाच. आज पहिल्यांदा कबूल करतो आहे.

दोन दिवसांत २३,८५० रुपये भरून आलो. पावती जोडली, मग पत्राला आवक क्रमांक दिला आणि दोन्ही कागद साहेबांपुढे ठेवले. त्यांनी पावती पाहिली, 'फाइल करा' असा शेरा मारला आणि विषय संपला. ऑफिसातला. घरातला त्याच संध्याकाळी सुरू झाला, कारण ते पैसे चवथीसाठी बाजूला ठेवलेले होते. बायकोने माटोळीचं सामान आणायला डबा उघडला आणि मला चार वर्षांपूर्वीच्या सहीची गोष्ट सांगावी लागली. ती रागावली ती पैशांवरून नव्हे. "चार वर्षं आपल्या घराचा पगार गहाण होता आणि ते मला डब्याने सांगितलं," एवढंच म्हणाली. ती चवथ आमच्याकडे फार शांततेत पार पडली. फुगडी घालायला ती दादाच्या घरी गेली नाही, आणि वहिनीने का नाही आलीस म्हणून विचारलं नाही.

मी मात्र दोष ठेवायला एक जागा शोधून काढली होती : गाडी. चार वर्षांत इंजिन बसतं म्हणजे काय? कंपनीच भिकार. पुढची बारा वर्षं ऑफिसात कुणी पिकअप घ्यायची म्हटलं की मी आवर्जून सांगायचो, ती नको हं, आमच्या दादाचा अनुभव आहे. माझ्या सांगण्यावरून निदान तिघांनी दुसरी गाडी घेतली.

आता वही.

दादाचं अक्षर मोठं, वाकडं, पण नोंद चोख. डाव्या पानावर भाडी, उजव्या पानावर खर्च. तारीख, किलोमीटर, काम. पहिली तीन वर्षं दर दहा हजार किलोमीटरला 'ऑइल, फिल्टर' असं लिहिलेलं आणि पुढे बरोबरची खूण. एकदाही चुकलेलं नाही.

मग येतो २०१२ चा सप्टेंबर. त्या महिन्यात राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. टिपर दारादारांत उभे राहिले हे सगळ्यांनी पाहिलं. पण खाणीवर दादाचं काय अवलंबून होतं? त्याची तर भाजी. वही सांगते, होतं. डावं पान एकदम पांढरं पडत जातं. कारण घर बांधणारा थांबला, म्हणजे चिऱ्याचं भाडं गेलं. लग्नं अंगणात उरकली, म्हणजे मंडपाचं भाडं गेलं. दुकानदार भाजी निम्मी मागवू लागला. गावाचा पैसा आटला की पिकअपची चाकं आधी थांबतात.

आणि उजव्या पानावर २०१३ च्या जानेवारीत लिहिलंय : 'ऑइल', पुढे खूण नाही. त्याखाली, 'हप्तो भरलो'. फेब्रुवारी : 'ऑइल फुडल्या म्हयन्यान. हप्तो भरलो.' मार्च : 'ऑइल एक लिटर वयर घातलें. हप्तो भरलो.' एप्रिल : 'हप्तो भरलो'. मे : 'हप्तो भरलो'. पाचही हप्ते पाच तारखेच्या आत. आणि जून : 'इंजीन.' एवढाच शब्द.

जे तेल दहा हजारांवर बदलायचं ते वीस हजारांच्या वर चाललं होतं. वर जादा वजन आणि घाटाचा चढ. कुठलंही इंजिन बसलं असतं. टेक्ससच्या मित्राची ती अवाढव्य गाडी असती तरी.

काल संध्याकाळी मी दादाकडे गेलो. वही उघडून त्या पानावर बोट ठेवलं. विचारलं, "एक हप्ता चुकवून ऑइल का नाही केलंस रे?" त्याने चष्मा लावून पान बघितलं. म्हणाला, "तुजी सय आसली मरे थंय." आणि वहिनीला चहा टाकायला सांगितलं.

म्हणजे माझी सही सांभाळायला त्याने गाडी उपाशी ठेवली, आणि गाडी उपाशी राहिली म्हणून माझी सही अडकली. आणि मी बारा वर्षं कंपनीला शिव्या देत होतो. इंजिन बांधल्यावर तीच गाडी पुढे बारा वर्षं चालली. किलोमीटरचं मीटर मध्ये दोनदा बंद पडलं म्हणून नेमका आकडा सांगता येत नाही. पण वहीवरून बेरीज केली तर पाच लाखांच्या आत नाही. शेवटी विकली तीही बिघडली म्हणून नव्हे. पंधरा वर्षांवरच्या गाडीच्या पासिंगची फी आता बरीच वाढली आहे, आणि दादाचे गुडघेही घाटाला कंटाळले आहेत.

आता पुतण्या नवी पिकअप घेतो आहे. बीएस-सहा. हिच्यात सेन्सर आहेत. काही चुकलं की पाट्यावर दिवा लागतो आणि गाडी आपणहून ताकद कमी करते. आमचा जुना मेस्त्री बॉनेट उघडून बघतो आणि पुन्हा बंद करतो. म्हणतो, हिला लॅपटॉपवाला पाहिजे. कर्जवाल्यांना मात्र अजून सरकारी नोकरच पाहिजे. परवा पुतण्या कागद घेऊन आला. या वेळी मी ते आधी बायकोच्या हातात दिले. तिने सगळे वाचले, हप्त्याचा आकडा दोनदा वाचला, आणि पुतण्याला विचारलं, "ऑइल किती किलोमीटरला बदलायचं असतं रे हिचं?" त्याने सांगितलं. मग तिने मला पेन दिलं.

पुतण्याला मी ऑफिसातल्यासारखी एक नवी कोरी वही आणून दिली आहे. डावीकडे भाडी, उजवीकडे खर्च. उजव्या पानावर रकाने मीच आखून दिले. पहिला रकाना ऑइलचा. हप्त्याचा दुसरा.