दट्ट्या, नळी आणि दारू

संपादकांनी फोनवरच बजावलं, ‘फॉर्म्युले नकोत.’ कबूल. पण विषय त्यांचाच. जानेवारी 2024 मध्ये पुण्यात पाषाणच्या एआरडीई या शस्त्रसंशोधन संस्थेत ‘उग्रम’ ही 7.62 मिमीची रायफल दाखवली गेली, तेव्हापासून टेकडीवर फिरायला गेलो की कुणी ना कुणी अडवतंच: ‘काय हो, गॅसवाली चांगली की पिस्टनवाली?’ निवृत्त शस्त्र-अभियंत्याला पेन्शनीबरोबर हेही मिळतं.

मुळात दोन्ही गॅसवरच चालतात. चाप ओढला, दारू जळाली, गोळी बॅरलमधून निघाली की बॅरलला पाडलेल्या बारीक छिद्रातून थोडा वायू बाजूला काढून घेतात. त्याच्या जोरावर काडतुसाची मागची बाजू बंद ठेवणारा बोल्ट सुटतो, रिकामं काडतूस बाहेर पडतं, पुढचं आत येतं. तो जोर बोल्टपर्यंत पोचवायचा कसा, एवढाच वाद. आपल्या इन्सासमध्ये आणि रशियन एके-47 मध्ये लांब दट्ट्या, म्हणजे पिस्टन, बोल्ट वाहून नेणाऱ्या बोल्ट-कॅरिअरला जोडलेलाच असतो, दोघे मिळून मागे जातात. जुन्या एसएलआरचा दट्ट्या आखूड धाव घेतो, कॅरिअरला ढकलतो आणि स्प्रिंगने जागेवर परततो. अमेरिकी एम-16 मध्ये तो दिसतच नाही. पातळ पोलादी नळीतून वायू थेट कॅरिअरच्या पोटात. (तिथेही आत दट्ट्याचं काम बोल्टच करतो, त्यामुळे यूजीन स्टोनरच्या या रचनेला सरसकट ‘थेट वायू’ म्हणणं मला पटत नाही. स्वीडनची 1942 ची ल्युंगमन खरी थेट. संपादकांनी हे कापू नये.)

नळीवाली हलकी, आणि हलणारं वजन बॅरलच्याच रेषेत असल्याने नेम कमी ढळतो. पण काजळी आणि उष्णता बोल्टपाशी येते. दट्ट्यावालीत घाण पुढेच राहते. बदल्यात पुढचं वजन वाढतं.

आता व्हिएतनाम. 1966-67 मध्ये एम-16 ऐन चकमकीत अडकायच्या, सैनिक मेले, आणि खापर फुटलं त्या बारीक नळीवर. खरी भानगड दारूची होती. रायफल एका प्रकारच्या दारूवर बेतलेली. सैन्याने काडतुसांत दुसरी, गोलकणी दारू भरली. बॅरलच्या छिद्रापाशी दाब वाढला, बोल्ट वेळेआधी धावू लागला, अवशेष साचले. वर ‘हिला साफ करावं लागत नाही’ असा समज, साफसफाईचं साहित्य अपुरं आणि चेंबरला क्रोमचा मुलामा नाही. अमेरिकी काँग्रेसच्या आयकॉर्ड समितीने 1967 मध्ये हे सगळं कागदावर आणलं. मुलामा चढला, साफसफाई शिकवली गेली, आणि तीच नळी आजही कामाला आहे. तरी व्हॉट्सॲपवरचे सेनापती नळीलाच फाशी देतात.

इन्सासचंही तसंच. 1999 मध्ये कारगिलच्या थंडीत तिच्या प्लास्टिक मॅगझिनना तडे गेल्याच्या तक्रारी आल्या. मॅगझिनचा वायुप्रणालीशी काय संबंध? पण टीव्हीवर सगळी रायफलच नापास झाली. तिच्यात दोष नव्हते असं मी म्हणत नाही, नोकरीत बरेच वाद घातलेत. पण ज्या भागाचा दोष, त्यालाच शिक्षा व्हावी, एवढी माफक अपेक्षा.

आमच्या धंद्यात काडतुसाची चर्चा कुणाला आवडत नाही. फोटो रायफलचा छापतात. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 चा, भुसावळजवळ वरणगावही काडतुसंच बनवतं. या गावांची नावं रायफलींच्या कौतुकात क्वचितच येतात. एका लॉटमध्ये दारूचा जळण्याचा वेग थोडा सरकला, तर उत्तम रायफलही रुसते. एसएलआरला गॅस रेग्युलेटर होता तो अशाच वेळी वायू कमी-जास्त करायला. तो कसा फिरवायचा हे प्रत्येक जवानाला शिकवत.

तरी उत्तर हवंच असेल तर घ्या: धूळ, बर्फ आणि वेळेवर न होणारी साफसफाई गृहीत धरणाऱ्या सैन्यासाठी मी दट्ट्या निवडेन, लांबच्या अचूक नेमासाठी, आणि शस्त्राची निगा राखणाऱ्याच्या हाती, नळी. पण निवडण्याआधी काडतूस कुठलं आणि त्यात दारू कोणती, हे विचारीन. टेकडीवर मला अडवणाऱ्यांनीही आधी तेच विचारावं.