“हात तर लावला नाही ना?”

सन २०११ मधील गोष्ट. मी तेव्हा पणजीस महाविद्यालयात शिकत होते. बसथांब्यावर एक अपरिचित तरुण नित्य उभा असे. मी बसमध्ये चढले की तोही चढे. मी उतरले की तो वीस पावलांवरून मागोमाग चाले. “माझ्या मागे येऊ नका,” असे मी त्यास स्पष्ट बजावले. तथापि त्याचा क्रम चुकला नाही. दोन महिन्यांनी बाबांना घेऊन मी पोलीस ठाण्यावर गेले. तेथील अंमलदारांनी विचारले, “ताणें तुका हात लायलो?” मी म्हटले, “ना.” त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि मुलीला सांजवेळी एकटी न पाठविण्याचा सल्ला बाबांना दिला. त्या दिवसापासून माझी नाटकाची तालीम सुटली. तो मात्र थांब्यावर उभाच होता!

त्या अंमलदारांस मी सर्वस्वी दोष देत नाही. त्या काळी दंडसंहितेत पाठलागास स्वतंत्र कलमच नव्हते. न्यायमूर्ती वर्मा समितीच्या अहवालानंतर, २०१३ साली, ते आले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमात ते आहे. स्त्रीने अनिच्छा स्पष्ट दर्शविल्यावरही वारंवार तिच्या मागे जाणे, संपर्क साधू पाहणे किंवा तिच्या इंटरनेटच्या वापरावर पाळत ठेवणे हा गुन्हा असून, पहिल्या अपराधास तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. अशी तक्रार स्त्री-अधिकाऱ्याने नोंदवावी, हद्दीचे कारण सांगून ती नाकारू नये आणि नोंदीची प्रत विनामूल्य द्यावी, असेही आता कायदा सांगतो.

परंतु कायद्याबरोबर विचारणाऱ्याची दृष्टीही बदलावयास हवी. थांब्यावर उभे राहणे किंवा त्याच बसने जाणे यात सुटे सुटे पाहिले तर अपराध दिसत नाही. अपराध आहे तो ‘पुनःपुन्हा’ या शब्दात. एकेक मणी पाहणाऱ्यास माळ कशी दिसावी? म्हणून ठाण्यावर पहिला प्रश्न “हात लावला का?” हा नसावा. “केव्हापासून? किती वेळा? तू नकार दिलास का?” असे विचारले जावे. मुलगी दुसऱ्यांदा आली, तर तिची पहिली तक्रार शोधून नव्या तक्रारीशेजारी ठेवावी.

विद्यार्थिनींनो, असा प्रसंग आल्यास दिवस, वेळ व स्थळ वहीत टिपून ठेवा. आलेले संदेश पुसू नका. घरी आणि शाळेत निःसंकोच सांगा. अठरा वर्षांखालील मुलामुलींस २०१२ च्या पॉक्सो कायद्याचेही संरक्षण आहे. तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. आणि विद्यार्थ्यांनो, नकार ऐकून मागे फिरण्यात कमीपणा नाही. त्यातच खरे पौरुष आहे.

स्नेहसंमेलनाच्या तालमी संपल्यावर मी मुलींना थांब्यापर्यंत पोचविते. ती माझी माया झाली. पण त्यांच्या निर्भयतेची हमी एखाद्या बाईंच्या सोबतीवर अवलंबून नसावी; ठाण्यावरच्या माणसाने हातातली लेखणी खाली ठेवू नये, एवढीच माझी इच्छा आहे.