पेटीतले पत्र

व्यापाऱ्याने बोलावे कमी आणि लिहावे ते फक्त वहीत, अशी आमच्या घराण्यातली रीत. रत्नागिरीत आमचा आंब्याचा धंदा तीन पिढ्यांचा आहे. वालिदसाहेबांच्या कागदावर एवढेच असायचे : पेट्या किती गेल्या, पैसे किती आले, उधारी किती राहिली. 2004 च्या हंगामात मी पेटीतल्या पेंढ्यावर झेरॉक्स केलेला एक कागद ठेवू लागलो, तेव्हा ते म्हणाले, ‘‘गिऱ्हाईक आंबा खाणार की कागद?’’

प्रश्न रास्त होता. पण तोवर आमचा सगळा माल वाशीच्या बाजारात दलालाकडे जायचा. आंबा कोण खातो हे आम्हांला ठाऊक नव्हते आणि खाणाऱ्याला आम्ही. मुंबई-पुण्याच्या घरी थेट पेट्या पाठवू लागल्यावर प्रश्न येऊ लागले. त्यांची उत्तरे म्हणून तो पहिला कागद : पेटी आल्याबरोबर उघडा, फळे पेंढ्यात एका थरात मांडा, कच्चे फळ फ्रिजमध्ये ठेवू नका, रंगावर जाऊ नका, देठाजवळचा वास पाहा. लोकांनी तो कागद जपून ठेवला. मग मी ठरवले, दर महिन्याच्या पहिल्या तारखेला गिऱ्हाइकांना एक पत्र लिहायचे.

खरी अडचण इथेच आली. आंबा अडीच महिने, पत्रे बारा! पावसाळ्यात काय लिहायचे? मालाची तारीफ करणारा मजकूर कोणीही लिहील. तो एकदा वाचला की दुसऱ्यांदा कोण वाचतो? म्हणून मी बागेलाच विषय केले. जूनमध्ये खत कसे घातले, थंडी लांबली तर मोहोराचे काय होते, तुडतुड्यांवर फवारणी का करावी लागते, ती काढणीच्या किती आधी थांबवतो. एका पत्रात एकच गोष्ट, तीही माझ्या डोळ्यांदेखत घडलेली. पान एकच. भाषा घरात बोलतो तशी.

दुसरी अडचण वाईट बातमीची. हापूसमध्ये साका निघतो. वरून फळ देखणे, आत गर पांढरट, स्पंजासारखा नि आंबट. बाहेरून तो ओळखता येत नाही. धाकटा भाऊ म्हणाला, ‘‘भाईजान, हे लिहिलेत तर गिऱ्हाईक पळेल.’’ मला बाजारातल्या धान्याच्या राशीचा तो प्रसंग आठवला. हुजूरांनी राशीत हात घातला, तर आतले धान्य ओले लागले. ओले धान्य वर ठेवले असतेस तर लोकांना दिसले असते, अशा अर्थाचे त्यांनी व्यापाऱ्याला सुनावले होते. आंब्याची आतली बाजू तर मला वर काढून ठेवता येत नाही. निदान कागदावर ठेवता येते. मी साक्याविषयी सविस्तर लिहिले. फळ झाडावर जास्त तयार होऊ दिले की साका वाढतो, उतरवलेले फळ तापल्या जमिनीवर ठेवू नये, सावलीत न्यावे, आणि एवढे करूनही एखादे निघेलच. ते कळवा, पैसे वळते करू. तक्रारी वाढल्या, हे खरे. पण तक्रार करणारा गिऱ्हाईक पुढच्या वर्षीही आला. न बोलता जाणारा परत येत नाही, हे धंद्यातले जुने सत्य आहे. तेव्हापासून तक्रारीचे उत्तर त्याच दिवशी द्यायचे, हा नियम झाला.

1 मे 2014 पासून युरोपीय संघाने भारतीय आंबा बंद केला, तेव्हा फोनवर फोन आले : ‘‘त्यांना चालत नाही तो आम्ही का खायचा?’’ पत्रात लिहिले की कारण फळमाशीचे आहे, विषाचे नव्हे. ती कीड आपल्या शेतात येऊ नये ही त्यांची काळजी आहे. जानेवारी 2015 मध्ये बंदी उठवण्याचा निर्णय झाला. अफवेपेक्षा माहिती हळू चालते. म्हणून ती आधी निघाली पाहिजे.

ऑक्टोबर 2018 मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यावरचे माझे पत्र एका व्यापाऱ्याने जसेच्या तसे छापून कर्नाटकच्या आंब्याच्या पेट्यांत घातले! भांडायला वेळ नव्हता. पुढच्या पत्रापासून आमच्या बागेतल्या त्या आठवड्याच्या हकिकतीने सुरुवात करू लागलो. मजकूर चोरता येतो, बाग चोरता येत नाही.

आणि मग 2020 चा एप्रिल. टाळेबंदी, झाडावर तयार फळ, आणि मोबाईलवर मुसलमान फळविक्रेत्यांविषयी फिरणारे ते व्हिडिओ. काही सोसायट्यांतून निरोप आला, ‘‘यंदा नको.’’ एका हितचिंतकाने सुचवले, ‘‘पत्राखाली तुमचे नाव नको, नुसते बागेचे नाव ठेवा. हंगाम तरी निघेल.’’ सल्ला वाईट हेतूचा नव्हता. गड्यांची मजुरी द्यायची होती, कर्ज होते. भाऊ दोन दिवस गप्प होता. शेवटी अम्मी म्हणाल्या, ‘‘सोळा वर्षं ज्या नावानं साका कबूल केलास, ते नाव आता कशाला लपवतोस?’’

मी अफवेविषयी एक अक्षर लिहिले नाही. आंबा कोण उतरवतो, कोण निवडतो, पेटी कोण भरतो, हात कुठे धुतात, गाडी कधी निघते, एवढेच लिहिले आणि खाली नेहमीप्रमाणे पूर्ण नाव. काही घरे तुटली, ती आजही तुटलेलीच आहेत. पण पुण्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेने ते पत्र आपल्या सोसायटीत घरोघर पाठवले आणि एकाच गाडीची मागणी नोंदवली. कागदाने द्वेष जिंकला, असा दावा मी करणार नाही. ज्यांना आम्ही आधीपासून माहीत होतो, त्यांना आमच्यावर विश्वास ठेवायला आधार होता, इतकेच. आणि तो आधार एका पत्राने आला नव्हता. सोळा वर्षांच्या पहिल्या तारखांनी आला होता.

मे 2021 च्या तौक्ते वादळात झाडाखाली आंब्यांचा सडा पडला. त्या महिन्यातही पत्र गेले, त्यात विकायला काहीच नव्हते. आता पत्रे व्हॉट्सॲपवर जातात आणि पुतण्या फोटो जोडतो. परवा तो म्हणाला, ‘‘चाचा, हल्ली मोबाईलच पत्र लिहून देतो, मिनिटाभरात.’’ मी म्हटले, ‘‘खुशाल लिहून घे. पण आधी बागेत फिरून ये. आणि खाली नाव तुझेच घाल.’’ तो चपला घालून निघाला.