व्हॅनचं मिसिंग: आधी निदान, मग औषध



या पानावर आपण ऊस, सोयाबीन, भाजीपाल्याच्या नोंदी ठेवतो. आजची नोंद गाडीची आहे. जुनी पेट्रोल गाडी ज्यांच्या दारात आहे त्यांच्या उपयोगी पडेल. ज्यांच्या दारात नाही त्यांनीही वाचा, कारण चूक मी तीच केली जी आपण पिकात करतो.

आमची व्हॅन १९९८ची. तीन सिलेंडर, आठशे सीसी, कार्बोरेटरची. पुढची सीट उचलली की खाली इंजिन. भाजीची क्रेट, खताची पोती, लग्नाची वऱ्हाडं, सगळं वाहून झालंय तिचं.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, तपासणीला कराडला न्यायचं होतं. सकाळपासून झिमझिम चालू. आमचा गावरस्ता हायवेला मिळतो तिथं डिव्हायडरला कट आहे. बघितलं, रस्ता मोकळा. पहिला गिअर टाकला, अ‍ॅक्सिलेटर दाबला. गाडी पुढं सरकली आणि लेनच्या मधोमध दम लागल्यासारखी बसली. बंद पडली नाही. पाय खाली दाबलेला, इंजिन घुरघुरतंय, धक्के मारतंय, पण गाडी पुढं जाईना. दोन-तीन सेकंदच असतील. उजवीकडनं ट्रकचा हॉर्न ऐकू आला. मग एकदम झटका देऊन गाडीनं उचल खाल्ली आणि आम्ही कटात पोचलो. ट्रक मागनं गेला तेव्हा सगळी व्हॅन हलली.

आई काळा चष्मा लावून शेजारी बसलेली. "काय झालं रं? मधीच का थांबलास?"

मी म्हटलं, "काही नाही आई, गिअर नीट पडला नाही."

खोटं बोललो. कारण गाडी अडखळते हे मला तीन महिन्यांपासून माहीत होतं.

त्या तीन महिन्यांत मी गप्प बसलो होतो असंही नाही. आधी तिन्ही प्लग बदलले. मग पेट्रोलचा फिल्टर. मग कार्बोरेटर खोलून साफ करून घेतला. मग कॉईल नवी टाकली. सगळे मिळून पाच हजारांच्या वर गेले. दर वेळी चार दिवस गाडी बरी वाटायची आणि पुन्हा तेच. यात मिस्त्रीची चूक नाही. मी जायचो आणि म्हणायचो, "गाडी मिसिंग करतीय, बघा जरा." कधी करते, कशी करते, हे मीच सांगत नव्हतो. तो बिचारा अंदाजानं एकेक पार्ट बदलत गेला.

कराडहून परत आलो त्याच संध्याकाळी शेजारच्या वस्तीवरचा एक भाऊ उसाची पानं घेऊन आला. पिवळी पडलेली. म्हणाला, "दादा, युरिया टाकला, सूक्ष्म अन्नद्रव्य मारलं, बुरशीनाशक मारलं, टॉनिक मारलं. फरक नाही." मी त्याला जरा रागानंच विचारलं, पिवळेपणा जुन्या पानावर आहे की नव्या? शिरा हिरव्या आहेत का? सगळ्या रानात आहे की चुनखडीच्या पट्ट्यातच? नत्र कमी पडलं तर खालची जुनी पानं आधी पिवळी पडतात. लोह कमी पडलं तर वरच्या कोवळ्या पानाच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा होतो, ज्याला आपण केवडा म्हणतो. दोन्हीकडं तक्रार एकच, "ऊस पिवळा पडला". रोग वेगळे, औषध वेगळं.

तो गेल्यावर मला माझंच हसू आलं. व्हॅनला मीसुद्धा चार फवारण्या मारल्या होत्या. निदान एकही नाही.

दुसऱ्या दिवसापासून वही काढली. आठ दिवस एकही पार्ट बदलायचा नाही, फक्त लिहायचं. इंजिन थार की गरम, हवा कोरडी की ओली, गाडी जागेवर उभी की चढाला, अ‍ॅक्सिलेटर हळू दाबला की एकदम.

आठ दिवसांनी वही वाचली तर दोन वेगळ्या तक्रारी निघाल्या.

पहिली: जागेवरून उचलताना अ‍ॅक्सिलेटर एकदम दाबला की क्षणभर खड्डा पडल्यासारखं व्हायचं आणि मग गाडी घ्यायची. हे रोज होत होतं, ऊन असो की पाऊस. हळू दाबला तर होत नव्हतं.

दुसरी: एक सिलेंडर मेल्यासारखी थरथर, सायलेन्सरमधनं फट-फट आवाज. ही फक्त पावसाच्या किंवा दवाच्या सकाळी. इंजिन तापलं, खालचा ओलावा सुकला की गायब.

त्या दिवशी हायवेवर दोन्ही एकत्र आल्या होत्या. आणि दर दुरुस्तीनंतर चार दिवस बरं का वाटायचं, तेही कळलं. त्या दिवसांत उघडीप होती. गुण पार्टचा नव्हता, उन्हाचा होता. फवारणीनंतर पाऊस आला, पीक हिरवं झालं, आणि आपण औषधाला शाबासकी दिली, तसं.

आता तपासणी. आधी ओली तक्रार घेतली.

सगळ्यात आधी पेट्रोलच्या नळ्या बघितल्या. कुठं वास, ओल, गळती नाही ना, हे बघूनच पुढं जायचं, कारण पुढची परीक्षा ठिणगीची आहे. एक नळी कडक होऊन टोकाला तडकलेली सापडली. ती तिथल्या तिथं बदलली, जागा पुसून वाळू दिली. आग लागायची वाट बघत बसलेली नळी होती ती, आणि मी वर कॉईल बदलत बसलो होतो.

मग रात्री दार उघडं ठेवून गोठ्याच्या पडवीत गाडी उभी केली. हँडब्रेक ओढला, चाकाला दगड लावले, दिवे बंद. सीट उचलली, इंजिन चालू. रोपांवर पाणी मारायची छोटी बाटली घेऊन लांबूनच अगदी बारीक धुकं प्लगच्या वायरींवर सोडलं. अंधारात दिसलं. दोन नंबरच्या वायरीतनं निळी बारीक ठिणगी इंजिनच्या लोखंडावर उडत होती आणि त्याच क्षणी इंजिन थरथरायला लागलं. ठिणगी प्लगपर्यंत जाण्याऐवजी ओल्या, तडकलेल्या रबरातनं बाहेर पळत होती. कोरड्या दिवशी तिला ही पळवाट मिळत नव्हती. (चालू इंजिनच्या वायरींना हात लावू नका. त्यात हजारो व्होल्ट असतात.)

खात्री करायला सकाळी इंजिन बंद असताना तिन्ही वायरी काढून मल्टिमीटर लावला. मोटारीच्या स्टार्टरसाठी आपल्याकडं असतोच. दोन वायरी साधारण सात-आठ किलोओहम दाखवत होत्या. दोन नंबरची हलवली की आकडा उड्या मारायचा. रबर बाहेरनं आणि आतली तारही गेलेली. डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडली तर आत पांढुरकी बुरशी चढलेली. वायरींचा सेट, टोपी आणि रोटर बदलला. हजाराच्या आत काम झालं. त्यानंतर मुसळधार पावसातही ती फट-फट आलेली नाही.

तीन महिन्यांपूर्वी काढलेले जुने प्लग डबीत ठेवले होते. ते नीट बघितले असते तर तेव्हाच कळलं असतं. दोन प्लग फिकट तपकिरी, म्हणजे तब्येत चांगली. मधला काळा आणि ओलसर, म्हणजे तिथं पेट्रोल येतंय पण जळत नाही. प्लग बदलण्याआधी कुठला कुठल्या सिलेंडरचा ते लिहून रंग बघा. पांढराफटक असेल तर मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त. तिन्ही काळे आणि कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, चोक अडकलाय का ते बघा.

आता दुसरी तक्रार, क्षणभराचा खड्डा.

आपण अ‍ॅक्सिलेटर एकदम दाबला की कार्बोरेटरमध्ये हवा लगेच वाढते, पेट्रोल मागनं येतं. ती फट भरायला कार्बोरेटरात एक छोटा पंप असतो. पाय दाबला की तो पेट्रोलची बारीक पिचकारी मारतो. तपासायला इंजिन बंद आणि थार हवं. एअर फिल्टरचं झाकण काढलं, टॉर्चनं आत बघितलं आणि पुतण्याला अ‍ॅक्सिलेटर दाबायला सांगितला. पिचकारी लगेच यायला पाहिजे. आमच्यात आधी काहीच नाही, मग दोन थेंब.

कार्बोरेटर साफ झाला होता, पण पंपाचं रबर जुनंच बसवलेलं. नवा किट टाकला, खड्डा गेला.

त्याआधी हवेची गळतीही बघून घेतली. ठिबकच्या लॅटरलचा दोन फुटांचा तुकडा एका टोकाला कानाशी धरला, दुसरं टोक इंजिनवरच्या रबरी नळ्यांजवळ फिरवलं. गळती असेल तिथं सू-सू आवाज स्पष्ट येतो. बेल्ट आणि फॅनपासून लांब राहा. आमच्यात गळती नव्हती. नाही हेही वहीत लिहिलं.

आता इथेनॉलबद्दल, कारण पारावर प्रत्येक जण तेच म्हणतो. आपल्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि त्यातलं काही आपल्याच उसाचं आहे. त्याला शिव्या देताना ऊसवाल्यानं जरा थांबावं. पण गोष्टी खऱ्या आहेत त्या सांगतो. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यात ऑक्सिजन असतो, त्यामुळं त्याच जेटवर मिश्रण थोडं हलकं पडतं. नव्या गाडीचा सेन्सर ते सांभाळून घेतो, कार्बोरेटरला ते जमत नाही. जुन्या काळची काही रबरं त्याला टिकत नाहीत. ते पाणी ओढतं, म्हणून गाडी महिनोन्‌महिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नये. संशय असेल तर थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन रात्रभर मोकळ्या जागी ठेवा, तळाला वेगळा थर दिसतो का बघा. पण माझ्या गाडीतली रबरं पंचवीस वर्षांहून जुनी होती. ती मी एकदाही बदलली नाहीत. तो दोष इथेनॉलच्या खात्यात घालणार नाही.

जुनी गाडी असलेल्यांनी एवढं करावं:

१. मिस्त्रीकडं जाण्याआधी आठ दिवस लिहा. कधी, कुठं, हवा कशी.
२. एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि दोन्ही प्रकारच्या हवेत चालवून बघा, मगच पुढची.
३. काढलेला पार्ट टाकू नका, बघा.
४. गाडी अडखळत असेल तर हायवे ओलांडायला जाऊ नका. दुसऱ्याची गाडी मागा. लाज वाटली तरी मागा.

हा चौथा मुद्दा मी पाळला नाही. मागच्या आठवड्यात आईला पुन्हा तपासणीला नेलं. कटापाशी आल्यावर मी दोनदा बघितलं, मग तिसऱ्यांदा. आई म्हणाली, "आज गिअर पडतोय ना रं नीट?"

तिला तेव्हाच कळलं होतं. मग रस्ता ओलांडून झाल्यावर तिला खरं काय ते सांगितलं.