कर पहिल्या पगारापासून, अधिवास १५ वर्षांनी

भारतात एका राज्यातून दुसऱ्या राज्यात राहायला जाण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. संविधानाच्या १९व्या अनुच्छेदाने देशभर संचार करण्याचा आणि कोठेही स्थायिक होण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला दिलेला आहे. परवानगी नसल्यामुळेच नोंदही नाही. वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्रा येथील औद्योगिक वसाहतींत नोकरीसाठी आलेले कुटुंब छत्रपती संभाजीनगरात बिऱ्हाड मांडते तेव्हा ते अमुक दिवसापासून महाराष्ट्राचे झाले, असे लिहून ठेवणारी कोणतीही एक नोंदवही अस्तित्वात नाही. तिच्या जागी अनेक कचेऱ्या आहेत, आणि प्रत्येक कचेरीचे रहिवासाचे माप वेगळे आहे. ही मापे शेजारी शेजारी ठेवून पाहिली की एक गोष्ट ठळकपणे दिसते: ज्या खात्याला घ्यायचे असते ते नव्या रहिवाशाला ताबडतोब ओळखते, आणि ज्याला द्यायचे असते ते सावकाश.

कायद्याच्या भाषेत निवास आणि अधिवास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणूस प्रत्यक्ष जेथे राहतो तो निवास; कायम राहण्याच्या इराद्याने ज्या भूमीशी तो जोडला जातो तो अधिवास. संविधानाच्या पाचव्या अनुच्छेदात नागरिकत्वासाठी जो अधिवास सांगितला आहे तो भारताच्या राज्यक्षेत्रातील आहे, एखाद्या घटक राज्यातील नव्हे. आणि प्रदीप जैन खटल्यात १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने, देशात अधिवास एकच असून तो भारताचा आहे, राज्याचा अधिवास ही कल्पनाच चुकीची आहे, असे स्पष्ट शब्दांत नोंदवले. तरीही तहसील कार्यालयातून ‘वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र’ याच नावाचा दाखला आजही दिला जातो. या विसंगतीचे मूळ १९५५च्या एका निकालापर्यंत जाते. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात तत्कालीन मध्य भारत राज्याबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून जादा शुल्क घेतले जात असे, त्याला डी. पी. जोशी या खटल्यात आव्हान दिले गेले. बहुमताने दिलेल्या निकालात न्यायालयाने म्हटले की संविधानाचा १५वा अनुच्छेद जन्मस्थानावरून भेदभाव करायला मनाई करतो, निवासावरून नव्हे. दाखल्यावर शब्द अधिवास हा असला तरी मोजला जातो तो दीर्घ निवास, आणि पुढची सारी व्यवस्था या फटीतून उभी राहिली आहे. सरकारी नोकरीत मात्र ती फट बुजवलेली आहे, कारण १६व्या अनुच्छेदानुसार निवासाची अट घालण्याचा अधिकार राज्यांना नाही, तो फक्त संसदेला आहे.

मराठवाड्याला ही अट नवी नाही. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, गोदावरीपलीकडचा नगर जिल्हा ब्रिटिश मुंबई इलाख्यात होता, आणि या दोहोंमधून माल नेताना करोडगिरी, म्हणजे संस्थानाची जकात, भरावी लागत असे. हैदराबाद मुक्तिसंग्रामात करोडगिरी नाक्यांवर हल्ले झाले ते त्यामुळेच. नोकरीच्या बाबतीत संस्थानाने १९१९ मध्ये मुल्की नियम लागू केले. मुल्की म्हणजे मुलखातला, बाहेरचा तो गैरमुल्की. संस्थानात जन्म नसलेल्या माणसाला मुल्की ठरायचे असेल तर त्याने किमान १५ वर्षे संस्थानात कायम वास्तव्य केलेले असावे, मूळ गावी परतण्याचा विचार सोडून दिलेला असावा, आणि तसे विहित नमुन्यातील प्रतिज्ञापत्र दंडाधिकाऱ्यासमोर केलेले असावे, अशी अट होती. विवाहित स्त्री पतीमुळे मुल्की ठरे. १९५२ मध्ये याच नियमांच्या अंमलबजावणीसाठी हैदराबादमध्ये मोठे आंदोलन झाले, आणि तेलंगणाच्या राजकारणात हा विषय १९७३ मध्ये संसदेने नियम रद्द करीपर्यंत धगधगत राहिला.

मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. घर न हलवता राज्य दोनदा बदललेल्या या माणसांना कोणी स्थलांतरित म्हटले नाही, हे योग्यच झाले. पण मुलखाचा विचार प्रवेशाच्या नियमांतून पुढेही चालत राहिला. वैद्यकीय प्रवेशांत महाराष्ट्राचे विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन भाग करून ७० टक्के जागा त्या त्या भागातील विद्यार्थ्यांना व ३० टक्के जागा राज्यभरासाठी, असे सूत्र होते. मराठवाड्यात महाविद्यालये कमी असल्याने ते येथील विद्यार्थ्यांना जाचक ठरते अशी तक्रार वर्षानुवर्षे होती, आणि सप्टेंबर २०२० मध्ये ते रद्द झाले. तोवर, अहमदनगरहून औरंगाबादला येणेसुद्धा काही हिशेबांत परप्रांतात जाण्यासारखेच होते.

करांच्या बाजूने पाहिले तर असा विलंब कोठेही नाही. सर्वांत आधी भेटतो तो व्यवसाय कर. महाराष्ट्राचा व्यवसाय कर कायदा १९७५चा आहे, आणि तो राज्यात किती काळ वास्तव्य झाले असे विचारत नाही. राज्यात नोकरी किंवा व्यवसाय सुरू झाला की कर सुरू होतो. दरमहा १०,००० रुपयांहून अधिक पगार असलेल्या पुरुष कर्मचाऱ्याच्या पगारपत्रकात ११ महिने २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात. स्त्री कर्मचाऱ्यांना १ एप्रिल २०२३ पासून दरमहा २५,००० रुपयांपर्यंत सूट आहे. फेब्रुवारीतला तो जादा शंभराचा आकडा पाहून दिल्ली, हरियाणा किंवा उत्तर प्रदेशातून, म्हणजे हा कर नसलेल्या राज्यांतून आलेला कर्मचारी लेखा विभागात हमखास चौकशीला जातो. त्याचे उत्तर संविधानात आहे. उत्पन्नावर कर लावणे, शेतीचे उत्पन्न वगळता, केंद्राचे काम असले तरी २७६व्या अनुच्छेदाने राज्यांना व्यवसाय, व्यापार, आजीविका व नोकरी यांवर कर लावण्याची मुभा दिली आणि त्याची कमाल मर्यादा आखून दिली; ती पूर्वी वर्षाला २५० रुपये होती, १९८८च्या ६०व्या घटनादुरुस्तीने २,५०० झाली. ११ वेळा २०० आणि एकदा ३०० मिळून नेमके तेवढेच होतात. प्राप्तिकराच्या जुन्या करप्रणालीत या रकमेची वजावट मिळते, नव्या प्रणालीत मिळत नाही. डॉक्टर, वकील, सल्लागार अशा स्वयंरोजगारितांनी स्वतंत्र नोंदणी करून वर्षाला २,५०० रुपये स्वतः भरायचे असतात, आणि दुसऱ्या राज्यातून आलेले व्यावसायिक नेमके हेच विसरतात.

प्राप्तिकर मात्र राज्यांच्या सीमा ओळखत नाही. त्या कायद्यात निवासी आणि अनिवासी हा भेद आहे, पण तो भारतात १८२ दिवस राहिल्याचा किंवा न राहिल्याचा आहे, महाराष्ट्रात राहिल्याचा नाही. १९६१चा कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून अंमल असलेल्या २०२५च्या कायद्यातही हे तत्त्व बदललेले नाही. राज्य बदलल्यावर करदात्याने पॅन आणि प्राप्तिकर खात्यातील पत्ता बदलून घ्यावा, म्हणजे नोटिसा जुन्या घराच्या दारावर जाणार नाहीत, एवढेच पुरे. एक ठळक अपवाद सिक्कीमचा: १९७५ साली भारतात विलीन झालेल्या त्या राज्यातील सिक्कीमी व्यक्तींचे राज्यातले उत्पन्न करमुक्त आहे, आणि विलीनीकरणापूर्वी तेथे स्थायिक झालेल्या भारतीयांनाही ती सवलत मिळावी असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये दिला.

व्यापाऱ्याची गत नोकरदारापेक्षा कठीण असते. वस्तू व सेवा कराची नोंदणी राज्यवार असल्यामुळे तिचा क्रमांक राज्याच्या संकेतांकाने सुरू होतो, मध्य प्रदेशाचा २३, तेलंगणाचा ३६, महाराष्ट्राचा २७. म्हणून इंदूरचा व्यवसाय संभाजीनगरात हलवणाऱ्याला जुन्या नोंदणीतला पत्ता बदलून भागत नाही, त्याला महाराष्ट्रात नवी नोंदणी घ्यावी लागते आणि जुनी रद्द करावी लागते.

घरोघरी वाद होतो तो मोटारीवरून. वाहनावरील कर हा राज्याचा विषय असून महाराष्ट्रात व्यक्तीच्या मालकीच्या पेट्रोल मोटारीवर किमतीनुसार ११ ते १३ टक्के आणि डिझेल मोटारीवर १३ ते १५ टक्के एकरकमी कर आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या ४७व्या कलमानुसार दुसऱ्या राज्यात नोंदलेले वाहन १२ महिन्यांहून अधिक काळ नव्या राज्यात ठेवले तर नवा नोंदणी क्रमांक, येथे एमएच २०, घ्यावा लागतो. त्यासाठी जुन्या आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र, वाहनावर कर्ज असल्यास बँकेची संमती, आणि वाहनाच्या वयानुसार कमी होणारा नव्या राज्याचा कर, असा क्रम आहे. जुन्या राज्यात भरलेल्या कराचा उरलेल्या काळापुरता परतावा मागता येतो, पण तो नवी नोंदणी झाल्यानंतर आणि त्याच राज्याकडे. परिणामी मधल्या काळात एकाच मोटारीवर दोन राज्यांचा कर मालकाच्या खिशातून गेलेला असतो, आणि परताव्यासाठी शेकडो किलोमीटरवरच्या कचेरीचे उंबरठे झिजवण्यापेक्षा अनेक जण त्या पैशांवर पाणी सोडतात. हे अन्यायाचे आहे. दोन राज्यांनी आपापसांत हिशेब मिटवण्याची सोय संगणकाच्या काळात अशक्य नाही. १५ सप्टेंबर २०२१ पासून सुरू झालेल्या ‘बीएच’ मालिकेत दोन-दोन वर्षांचा कर भरून राज्य बदलले तरी क्रमांक कायम ठेवता येतो, पण ती सोय सरकारी व सार्वजनिक उपक्रमांतील कर्मचाऱ्यांना आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना आहे, कंत्राटी कामगाराला नाही.

मतदार यादीचे माप ताबडतोब लागणारा कर आणि सावकाश मिळणारा अधिवास या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५०ला ‘सामान्यतः रहिवासी’ असलेला माणूस पुरतो. किमान वर्षांची अट नाही, केवळ घर मालकीचे असून भागत नाही, आणि तात्पुरत्या गैरहजेरीने हक्क जात नाही. नमुना ८ भरून नाव नव्या मतदारसंघात हलवता येते. दोन ठिकाणी नाव ठेवण्याला मात्र कायद्याची मनाई आहे, आणि गावाकडच्या यादीतले नाव मायेपोटी तसेच ठेवणारे याबाबत फारच निर्धास्त असतात.

अधिवास दाखल्यासाठी महाराष्ट्रात सर्वसाधारणपणे १५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. आपले सरकार सेवा केंद्रात अर्जासोबत शाळा सोडल्याचा दाखला, शिधापत्रिका, वीजदेयके, भाडेकरार यांतून सलग १५ वर्षे उभी करायची असतात, आणि भाड्याच्या खोल्या बदलत राहिलेल्या कामगाराला तेच जमत नाही, कारण वीजदेयक घरमालकाच्या नावावर आणि करार बहुधा तोंडी. मुल्की नियमांतला १५चा आकडा आणि आजचा आकडा एकच असणे योगायोग असेलही, पण विचार तोच आहे. २०२४च्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत अधिवास दाखल्याऐवजी १५ वर्षांपूर्वीची शिधापत्रिका, १५ वर्षांपूर्वीचे मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्म दाखला यांपैकी एक कागद चालेल असे ठरले, आणि परराज्यात जन्मून महाराष्ट्रातील रहिवाशाशी लग्न झालेल्या स्त्रीसाठी पतीचे कागद ग्राह्य धरले गेले. निवडणूक जवळ आली की कागदांची अट किती सैल होऊ शकते हे यावरून दिसले. वैद्यकीय प्रवेशात राज्याच्या जागांसाठी अधिवासाबरोबर दहावी व बारावी महाराष्ट्रातून उत्तीर्ण होण्याची सर्वसाधारण अट आहे. पदव्युत्तर वैद्यकीय जागांवरील निवासाधारित आरक्षण मात्र सर्वोच्च न्यायालयाने तन्वी बहल खटल्यात जानेवारी २०२५ मध्ये घटनाबाह्य ठरवले.

जातीच्या दाखल्यात तर वर्षे पुरी करून काहीच साधत नाही, कारण तेथे तारीख गोठलेली आहे: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या दिवशी कुटुंबाचे वास्तव्य महाराष्ट्राच्या आजच्या क्षेत्रात नसेल, तर नंतर आलेल्या पिढ्यांना येथे दाखला मिळतो तो स्थलांतरिताचा, आणि राज्याच्या सवलती त्यांना मूळ राज्यातच राहतात. मर्री चंद्रशेखर राव खटल्यात १९९० साली हेच तत्त्व पक्के झाले. अधिवासाची कल्पना खरोखर राज्यापुरती जिवंत आहे ती गोव्यात. गोव्यात अधिवास असलेल्या व्यक्तीच्या वारसाहक्काला, मालमत्ता भारतात गोव्याबाहेर असली तरीही, १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिताच लागू होते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये दिला.

नव्याने आलेल्या कुटुंबांनी एवढे तरी करावे: पहिल्याच महिन्यात भाडेकरार लेखी व नोंदणीकृत करून घ्यावा, मोटार महाराष्ट्रात आली त्या दिवसाचा फास्टॅगचा उतारा ठेवावा, मतदार यादीतील नाव हलवावे, आणि मुलांच्या शाळेतील प्रत्येक दाखला जपावा. २०२३ पूर्वीच्या कागदांवर ‘औरंगाबाद’ असेल म्हणून ते टाकू नयेत. शहराचे नाव बदलल्याने जुना कागद रद्द होत नाही, आणि १५ वर्षे मोजताना तहसील कार्यालय तोच मागते.